तास मोजू नका, दिवस मोजा : अनियमित शिफ्टवाल्यांच्या रजेचा पगार

मी श्रीपेरुंबुदूरहून बोलतोय. चेन्नई-बेंगळुरू हायवेवरचं हे गाव रामानुजाचार्यांचं जन्मस्थान, आणि आता मोटारी नि मोबाइलच्या कारखान्यांचं. इथे पगारपत्रकं करण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे मराठी पोरं अडली की माझ्याकडे येतात.

परवा लातूरकडचा एक मुलगा आला. कंत्राटदाराकडे कामाला होता. कधी आठ तास, कधी बारा, कधी आठवडाभर रात्रपाळी, मधेच चार दिवस बोलावणंच नाही. वडील आजारी पडले म्हणून त्याने काम सोडलं. हिशेब करताना कंत्राटदार म्हणाला, "तुझे तास ठरलेले नाहीत, २४० दिवसही भरले नाहीत. रजेचे पैसे कसले?" गाडीचं तिकीट काढायचं होतं आणि दवाखान्यातही पैसे लागणार होते. म्हणून तो विचारायला आला, "काका, हे खरं आहे का?"

नाही. त्या एका वाक्यात दोन-तीन चुका आहेत.

पहिली चूक तासांची. आपल्याकडे रजा तासांवर मिळत नाही, कामाच्या दिवसांवर मिळते. वीस दिवस काम, एक दिवस पगारी रजा. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात हेच होतं आणि नव्या संहितेतही हेच आहे. तुम्ही आठ तास भरा की बारा, दिवस एकच धरायचा. रात्रपाळी मध्यरात्र ओलांडून गेली तरी बारानंतरचे तास आदल्या दिवसातच जातात, त्याचे दोन दिवस होत नाहीत. इंग्लंडमध्ये उलट आहे. तिथे अनियमित तासवाल्यांची रजा केलेल्या तासांच्या १२.०७ टक्के धरतात. तिकडचा एखादा व्हिडिओ बघून आपला हिशेब मांडू नका, एवढंच सांगतो.

दुसरी चूक २४० ची. जुन्या कायद्यात वर्षाला २४० दिवस भरले तरच रजा पदरात पडायची. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिने हा आकडा १८० वर आणला. ज्यांचं काम तुटक-तुटक चालतं त्यांना हा मोठा फरक आहे. शिवाय कायदेशीर ले-ऑफचे दिवस आणि बाळंतपणाची रजा ही त्या १८० मध्ये धरतात. मात्र त्या दिवसांवर नवी रजा साठत नाही. हे लोक नेहमी विसरतात.

आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची. नोकरी सुटली, सोडली किंवा काढून टाकलं, तर ही दिवसांची अट बघायचीच नसते. जेवढे दिवस काम झालं त्याला वीसने भागा आणि तेवढ्या रजेचे पैसे द्या. हे जुन्या कायद्यातही होतं. कंत्राटदाराचा माणूसही कायद्याच्या व्याख्येत कामगारच आहे.

मुलाची हजेरी काढली. या वर्षात १४० दिवस. १४० भागिले २०, सात दिवस.

आता दर. खरा गोंधळ इथेच होतो. जुन्या फॅक्टरी कायद्याच्या कलम ८० ची रीत अशी होती : रजेच्या आधीच्या महिन्यात जेवढे दिवस प्रत्यक्ष काम केलं, त्या दिवसांच्या पूर्णवेळ कमाईची सरासरी. महागाई भत्ता धरायचा, ओव्हरटाइम आणि बोनस सोडायचा. या मुलाने आधीच्या महिन्यात २२ दिवस काम केलं होतं. ओव्हरटाइम वगळून कमाई १४,३०० रुपये. म्हणजे दिवसाला ६५०, सात दिवसांचे ४,५५०.

पण ऑफिसात बसलेला माणूस सवयीने २६ ने भागतो. मग दर ५५० होतो, सात दिवसांचे ३,८५०. कुणी ३० ने भागलं तर जेमतेम ३,३३७ येतात. महिनाभर ठरलेला पगार घेणाऱ्याला २६ चा भागाकार चालून जातो. तुटक काम करणाऱ्याचे पैसे मात्र त्यातच जातात. भागायचं ते कामाच्या दिवसांनी.

सणाच्या सुट्ट्यांचं खातं वेगळं. तमिळनाडूच्या १९५८ च्या कायद्याने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि सणांचे पाच, असे नऊ दिवस मिळतात. त्या दिवशी कामाला बोलावलं तर दुप्पट पगार किंवा बदली सुट्टी. हे दिवस रजेत कापायचे नाहीत.

जाता जाता, एप्रिल २०२३ मध्ये इथल्या विधानसभेने बारा तासांच्या दिवसाला वाट देणारं विधेयक मंजूर केलं होतं. संघटनांनी विरोध केला आणि सरकारने ते मागे घेतलं. तेव्हा चहाच्या टपरीवर सगळे ओव्हरटाइमचंच बोलत होते. मला काळजी रजेची होती. सहा दिवसांचं काम चार दिवसांत उरकलं, तर वीस दिवस भरायला किती आठवडे लागतील, मोजून बघा.

मुलाला एका कागदावर हिशेब लिहून दिला : हजेरी, महिन्याची कमाई, भागाकार. खाली तारीख नि सही, आणि एक प्रत स्वतःजवळ. काम सोडल्यापासून दोन कामाच्या दिवसांत पैसे द्यायचे असतात, हेही त्यात लिहिलं. चौथ्या दिवशी त्याच्या खात्यात ३,८५० आले. २६ ने भागलेले. उरलेल्या ७०० साठी दुसरा अर्ज आम्ही काल टाकला. तो आता गावाकडे आहे, फोनवरून विचारत असतो.