दाताच्या मुळाचं हाड

पावसानं ज्वारीच्या मुळाजवळची माती वाहून गेली तर काय होतं? ताट कलतं. वारा आला की पडतं. ताटाला कीड लागलेली नसते, तरी ते पडतं. हलणाऱ्या दाताचं पुष्कळदा असंच असतं. दात चांगला असतो. त्याच्या मुळाभोवतीचं हाड झिजलेलं असतं.

हे हाड झिजतं कशानं? दातावर रोज एक चिकट थर बसतो. तो निघाला नाही तर दगडासारखा घट्ट होतो. त्याला किटण म्हणतात. जंतूंमुळे हिरडी सुजते आणि दातापासून सुटते. मधे खाच पडते. खाचेत घाण साचते आणि आतलं हाड हळूहळू विरत जातं. फार दुखत नाही, म्हणून माणूस उशिरा जागा होतो. दात घासताना रक्त येणं ही पहिली खूण.

मिश्रीनं दात घट्ट होतात असं आपल्याकडे म्हणतात. ते खरं नाही. तव्यावर भाजली तरी तंबाखू ती तंबाखूच. बिडी ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येतं, तेव्हा त्याला वाटतं, आपल्याला काही झालं नाही. पण तंबाखूनं रक्ताची चाल मंदावते आणि आजार झाकला जातो, इतकंच.

मग गेलेलं हाड परत येतं का? काही वेळा येतं. आधी डॉक्टर किटण खरवडून काढतात. पुष्कळांचं तेवढ्यानंच भागतं. खाच खोल राहिली तर हिरडी बधिर करून उघडतात आणि आतला खड्डा साफ करतात. पण इथं एक अडचण येते. हिरडीची कातडी हरळीसारखी भराभर वाढते. हाड सावकाश वाढतं. हाडाची जागा कातडीच व्यापून टाकते. म्हणून दोन्हींच्या मधे एक पातळ पडदा ठेवायचा. १९८२ साली स्वीडनमध्ये स्टुरे नीमन आणि त्यांच्या सोबत्यांनी एका माणसाच्या दाताला असा पडदा लावून पाहिला. मुळाला नवे धागे धरले होते. दात हाडाला बांधून ठेवतात ते हेच धागे.

पडद्याखाली खड्ड्यात हाडाची भुकटी भरतात. वेलीला मांडव लागतो, तशी नव्या हाडाला ही भुकटी लागते. हाड तिच्या आधारानं वाढतं. त्याला सहा महिने किंवा जास्तही लागतात. काही डॉक्टर रोग्याचंच थोडं रक्त काढून यंत्रात गरगर फिरवतात. त्याची खरवसासारखी गोळी होते. ती खड्ड्यात ठेवली की जखम भरायला मदत होते.

भुकटी कशाच्या हाडाची? हा प्रश्न विचारायला लाजू नका. ती कधी स्वतःच्या जबड्यातली असते, कधी जनावराच्या हाडाची, कधी कारखान्यात केलेली. काही वेळा माणसांनी दान केलेल्या हाडाची असते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ साली अशा दानाची पेढी सुरू झाली. तिथे दानातलं हाड आणि बाळाच्या वारेबरोबरचा पातळ पडदा वाळवून, किरणांनी निर्जंतुक करून ठेवतात. कुणाला गाईचं किंवा डुकराचं चालत नसेल तर त्यानं आधीच सांगावं. डॉक्टर दुसरं वापरू शकतात.

हा उपाय सगळ्यांना लागू पडत नाही. खड्डा विहिरीसारखा, चारी बाजूंनी काठ असलेला असेल तर भुकटी टिकते. दातांभोवतीचं हाड सगळीकडून सारखंच खाली गेलं असेल तर ती टिकत नाही. उघड्या उतारावर टाकलेली माती राहील का? साखरेचा आजार आटोक्यात नसेल किंवा तंबाखू सुटली नसेल तर जखम नीट भरत नाही. काही दात शेवटी काढावेच लागतात. पण ते हाडाचा फोटो काढून डॉक्टरनं ठरवावं. बाजारात बसणाऱ्यानं चिमट्यानं ओढून नव्हे.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे दातांची सरकारी महाविद्यालयं आहेत. इतक्या लांब जाण्याआधी सोलापूरच्या सरकारी रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, दात दाखवा. हा दात हलतो तो किटणानं की हाड गेल्यानं, एवढं पहिल्या भेटीतच विचारा.