पीक बदलण्याआधी माती तपासा



गेल्या दसऱ्याच्या सुमारास हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक आटोपून मी एका शेतकऱ्याच्या ओसरीवर चहा घेत होतो. त्यांनी हळूच विषय काढला. "साहेब, पोरगी बी.बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला हाय. आता म्हणती, पुढं क्वांटिटेटिव्ह फायनान्स करायचं. एक खासगी संस्था दहा लाख मागती. विहिरीखालचा एकर गहाण टाकू का?"

मुलगी दाराआड उभी होती. मी तिलाही समोर बसवले, कारण प्रश्न तिच्या आयुष्याचा होता. असा प्रश्न आपल्याही घरी येऊ शकतो, म्हणून त्या दिवशीचे बोलणे येथे मांडतो.

हे शिक्षण कशाचे?

पैशाच्या व्यवहारातील जोखीम गणिताने मोजण्याचे हे शास्त्र आहे. समजा, पाऊस ठरावीक मर्यादेखाली गेला तर विमा कंपनीने १०,००० रुपये द्यायचे आहेत. गेल्या ३० वर्षांच्या नोंदीत असा कमी पाऊस ६ वर्षे पडला असेल, तर कंपनीवर वर्षाला सरासरी २,००० रुपयांचा बोजा येतो. इथवरचा हिशेब आपणही करू. पण यापुढे पावसाची चाल बदलली तर? साऱ्या तालुक्यात एकाच वर्षी पाऊस हुकला तर हाताशी किती पैसा हवा? खरे गणित येथून सुरू होते.

ठरलेल्या भावाने माल किंवा शेअर घेण्या-विकण्याचा हक्क म्हणजे ऑप्शन. त्याची किंमत काढण्याचे सूत्र फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी १९७३ साली प्रसिद्ध केले आणि या शास्त्राला जोर आला. बँका, विमा कंपन्या आणि शेअर बाजारातील संस्थांना हे जाणणारी माणसे लागतात.

आकड्यांचे शास्त्र आपल्याला परके नाही. पीक कापणी प्रयोगांना संख्याशास्त्राची बैठक देणाऱ्यांपैकी डॉ. पां. वा. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मले होते.

अडचण कोठे आहे?

बी.बी.ए. किंवा बी.कॉम.ला शिकलेले ताळेबंद, बाजार, व्यवस्थापन वाया जात नाही. मात्र येथे कलनशास्त्र, मॅट्रिक्स, संभाव्यता, संख्याशास्त्र आणि संगणकाचे प्रोग्रॅमिंग लागते. मी मुलीला विचारले, "बाळ, बारावीला गणित होतं?" ती म्हणाली, "नाही सर, एस.पी. घेतलं होतं." क्षणभर कोणी काही बोलले नाही.

मी म्हणालो, द्राक्षबाग लावण्याआधी आपण माती तपासून घेतो ना? तसेच करा. विज्ञान शाखेची अकरावी-बारावीची गणिताची पुस्तके ई-बालभारतीवर मोफत मिळतात. दोन-तीन महिने रोज दोन तास, उत्तर न पाहता उदाहरणे सोडवावीत. शितावरून भाताची परीक्षा होते. गोडी लागली, तर पुढचे एक वर्ष पदवीच्या पातळीचे गणित, संख्याशास्त्र आणि पायथॉन यांना द्यावे. एनपीटीईएल आणि स्वयम् यांवर हे विषय मोफत शिकता येतात. पदव्युत्तर प्रवेशासाठी अनेक ठिकाणी बारावीचे किंवा पदवीचे गणित मागतात. म्हणून पात्रतेची अट फी भरण्याआधी वाचावी.

पैशाचा हिशेब

१० लाखांचे कर्ज १० टक्क्यांनी काढले, तर पहिल्या वर्षाचे नुसते व्याजच एक लाख होते. "नोकरीची हमी" असे कोणी म्हणाले, तर मागील तीन वर्षांत किती विद्यार्थी होते, किती जणांना कोणते काम आणि किती पगार मिळाला, हे लेखी मागावे. लेखी देण्यास टाळाटाळ झाली तर उठून यावे.

आणखी एक इशारा. हे शिक्षण म्हणजे मोबाइलवर सट्टा खेळणे नव्हे. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या १०० वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ जणांना तोटा झाला. जाणकारही चुकतात. शोल्स यांना १९९७ मध्ये नोबेल मिळाले, आणि ते ज्या अमेरिकी फंडात भागीदार होते तो १९९८ मध्येच कोसळला.

पुढे काय झाले?

संक्रांतीनंतर त्या शेतकऱ्यांचा फोन आला. एकर गहाण पडलेला नाही. मुलीने अकरावीचे पुस्तक संपवले, बारावीच्या संकलनापाशी ती अडली, आणि आता तालुक्याच्या एका निवृत्त शिक्षकांकडे जाते. तिला हे जमेल की नाही, ते वर्षभराने कळेल. नाहीच जमले, तरी बी.बी.ए.ची पदवी हातात आहे आणि जमीन घरात आहे.

आपल्या घरी असा प्रश्न आला, तर मुलांना हटकू नका आणि घाईने सहीही करू नका. आधी गणिताचे पुस्तक घरी आणा, कर्जाच्या कागदाचे मग पाहू.