सुई टोचण्याआधी बाहुलीला सलाईन का लावतात?

सलाईन लावायचं म्हटलं की लहान मुलाला सुईइतकीच भीती पुढे काय होणार हे न कळण्याची असते. त्या वयात आजारपण ही खोडीची शिक्षा वाटू शकते. 'मस्ती केलीस तर डॉक्टर इंजेक्शन देतील' ही आपली लाडकी धमकी त्यात भरच घालते.

अमेरिकेत क्लीव्हलँडच्या रुग्णालयात एमा प्लँक यांनी १९५५ मध्ये अशा मुलांसाठी खास विभाग सुरू केला. आज हे काम 'चाइल्ड लाइफ' म्हणून ओळखलं जातं. पद्धत साधी: बाहुली, सुई काढलेली नवी सिरिंज, चिकटपट्टी. मूल डॉक्टर, बाहुली पेशंट. मूल बाहुलीला दहादा टोचेल, रागावेलही, टोचू द्या. याच खेळात 'माझं सगळं रक्त संपेल का?' असा मनातला प्रश्न बाहेर येतो.

प्रत्यक्ष सुईच्या वेळी मुलाला आडवं दाबून धरण्यापेक्षा मांडीवर बसवा, साबणाचे फुगे फुंकायला द्या. फुंकताना श्वास लांबतो, लक्षही हटतं.

'अजिबात दुखणार नाही' असं मात्र सांगू नका. 'थोडं टोचेल, मग पट्टी लावू' म्हणा. खोटं पकडलं गेलं, तर पुढच्या वेळी मूल दवाखान्याच्या दारातच रडायला लागतं.