तक्रारीचा पत्ता

दहावीच्या मराठीच्या उत्तरपत्रिकेत एक पत्र वर्षानुवर्षे लिहिले जाते. आमच्या परिसरातील रस्त्यांची दुरवस्था झाली असून त्वरित लक्ष घालावे, अशी त्यात आयुक्तांना विनंती असते. मायना अचूक, भाषा विनम्र. गुणही बरे पडतात. मात्र तेच पत्र खरोखर टपालात टाकले, तर एकही खड्डा बुजणार नाही. कोणता रस्ता, कोणत्या ठिकाणी, काय बिघडले, हे त्यात नसतेच. मुलांना भाषा शिकवताना ही उणीव आम्हांला सतत खटकत आली आहे.

नवी मुंबईत पहिली अडचण रस्त्याचा धनी ओळखण्याची. हे शहर वसवले १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने. १ जानेवारी १९९२ पासून महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला आणि दिघा ते बेलापूर हा पट्टा तिच्याकडे आला. खारघर, कामोठे, कळंबोली हीदेखील सिडकोचीच वसाहत; पण १ ऑक्टोबर २०१६ पासून ती पनवेल महानगरपालिकेत आहे. शीव-पनवेल महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा, तर गृहनिर्माण संस्थेच्या कुंपणाआतला रस्ता त्या संस्थेचा. त्यामुळे खारघरच्या रहिवाशाने बेलापूरच्या मुख्यालयात अर्ज दिला, तर ‘आमच्या हद्दीत नाही’ हे उत्तर ठरलेले. उत्तर खोटे नसते, पण माणूस दमतो आणि पुन्हा लिहीत नाही.

हद्द निश्चित झाली की विभाग कार्यालय गाठावे. नवी मुंबई महापालिकेची अशी आठ कार्यालये आहेत: बेलापूर, नेरूळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली आणि दिघा. पत्रात सेक्टर, जवळच्या इमारतीचा भूखंड क्रमांक आणि दिव्याच्या खांबावर क्रमांक असल्यास तोही द्यावा. सेक्टरमध्ये हे सोपे आहे. करावे, सारसोळे, जुहूगाव, दिवाळे अशा मूळ गावठाणांच्या गल्ल्यांत मात्र सेक्टरची आखणी नाही. तिथे देऊळ, तलाव, शाळा यांपासूनचे अंतर पावलांत लिहिले तरी चालते. सिडकोच्या नकाशाआधी याच खुणांवर ही गावे चालत होती!

एका पत्रात एकच दोष लिहावा. खड्डा अभियांत्रिकी विभागाकडे जातो, बंद दिवा विद्युत विभागाकडे, पदपथ अडवणारी टपरी अतिक्रमण विभागाकडे आणि कोसळलेली फांदी उद्यान विभागाकडे. चारही गाऱ्हाणी एकत्र लिहिली की एकाची दखल घेतली जाते आणि सगळे पत्र निकाली निघाल्याची नोंद होते. खोदकामानंतर उखडलेला रस्ता असेल, तर चर कोणी खणला, तिथे फलक आहे काय, हेही पाहावे.

अडचण कोणाची होते, हे लिहायला मुले हमखास विसरतात. गटाराचे झाकण तुटले आहे, एवढे पुरेसे नाही. जुलैच्या पावसात ते भोक पाण्याखाली जाते. पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याला आणि शाळेकडे पळणाऱ्या पहिलीतल्या मुलाला ते कळत नाही. हे एक वाक्य त्या पत्राचा क्रम बदलू शकते.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ नुसार सार्वजनिक रस्त्यांची देखभाल हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. २०१३ साली न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्या पत्रावरून मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला. सुस्थितीतील रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच प्रकरणात खड्ड्यामुळे वा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. अशा वेळी तारीख असलेली जुनी तक्रार फार मोलाची ठरते, असे आम्हांला वाटते. कार्यालयाला धोका ठाऊक होता, हे ती दाखवते.

म्हणून पोचपावती व तक्रार क्रमांक जपावा. ‘निकाली’ असा संदेश आला, तरी जागेवर जाऊन पाहावे, आणि खड्डा तसाच असल्यास त्याच क्रमांकाचा हवाला देऊन पुन्हा लिहावे. एवढ्यानेही भागले नाही, तर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी भरणारा लोकशाही दिन आहे. त्यासाठी विहित नमुन्यातील अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. उत्तरपत्रिकेतील पत्र ज्यांना उद्देशून असते, ते आयुक्त तिथे समोर बसलेले असतात. जाताना आधीच्या अर्जाची प्रत आणि त्या जागेचे ताजे छायाचित्र बरोबर न्यावे.