पॉइंट टू-टू घ्यायचीय? जरा थांबा!

नेमबाज स्वप्नील कुसाळेने २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य घेतलं, तेव्हापासून आमच्या निघोज्यातही ‘पॉइंट टू-टू कुठली घेऊ?’ विचारणारे वाढलेत. भावांनो, या .२२ रायफलीला शस्त्रपरवाना लागतो. नुसती हौस पुरत नाही.

सुरुवात ४.५ मिमीच्या एअर रायफलने करा. २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीची असेल तर परवान्याची भानगड नाही. दुर्बिणीचा मोह टाळा, बारीक छिद्रातून नेम धरायची पीप साइट बघा. स्टॉक गालाला बसतो का, वजन झेपतं का, हे हातात धरूनच कळतं, फोटोवरून नाही. १० मीटरच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर असतो, राव!

आणि हो, गच्चीवर, शेतात नको. आधी पुण्यातली बालेवाडीची नेमबाजी रेंज बघून या.