एका संगणकात दोन कार्यप्रणाली : नव्या डिस्कच्या निमित्ताने

आपल्या घरांत संगणक येतो तो पै-पै साठवून. मुलांचा अभ्यास, शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीच्या दाखल्याच्या प्रती, लग्नकार्याचे फोटो असे सारे त्या एकाच यंत्रात साठलेले असते. असा संगणक मंद झाला म्हणून भंगारात घालणे आपल्याला परवडणारे नाही. थोड्या खर्चात तो पुन्हा कामाचा कसा करावा, हे प्रस्तुत लेखात आम्ही सांगत आहोत.

जुलै २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० या कार्यप्रणालीची सर्वसाधारण देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. अनेक चांगले चालणारे संगणक या अटीत बसत नाहीत. ते बंद पडत नाहीत. परंतु सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळाल्या नाहीत, तर इंटरनेटवर त्यांचा धोका दिवसेंदिवस वाढतो.

यावर उपाय दुहेरी आहे. पहिला, जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे. हार्ड डिस्कमधील तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि माहिती शोधण्यासाठी तिच्यावरील दांडी मागेपुढे सरकते. एसएसडीत हलणारा भागच नसतो, म्हणून संगणक चटकन सुरू होतो. दुसरा उपाय, विंडोज तशीच ठेवून शेजारी लिनक्स बसवणे. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा आरंभ केला. उबुंटू, लिनक्स मिंट ही त्याची सोपी रूपे विनामूल्य मिळतात. इंटरनेटचे काम लिनक्सवर करावे. जी कामे विंडोजवाचून अडतात, तेवढीच तिकडे करावीत.

मग विंडोज काढूनच का टाकू नये? हिशेबाची काही सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतात. तसेच श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधील मराठी मजकूर तो फॉन्ट नसल्यास अगम्य चिन्हांसारखा दिसतो. युनिकोडमधील मराठी मात्र दोन्हीकडे सारखीच वाचता येते.

आता मुख्य मुद्दा. दुसरी कार्यप्रणाली बसवताना खरी भीती असते ती जुनी माहिती पुसली जाण्याची. डिस्क बदलताना ही भीती सर्वांत कमी असते, कारण जुनी डिस्क जशीच्या तशी आपल्या हातात राहते. मात्र क्रम पाळला पाहिजे.

१. महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्यावी. बिटलॉकर चालू असल्यास त्याची रिकव्हरी-की कागदावर लिहून ठेवावी आणि बिटलॉकर बंद करावे.

२. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे क्लोन, नव्या एसएसडीवर करावी. ५०० जीबीच्या डिस्कऐवजी १ टीबीची घेतली, तर जवळपास निम्मी जागा मोकळी राहते. ती विंडोजला देऊ नये; लिनक्ससाठी राखावी.

३. वीज बंद करून जुनी डिस्क काढावी, नवी बसवावी. विंडोज नीट सुरू होते, फाइली उघडतात, याची खात्री झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. जुनी डिस्क कपाटात ठेवावी. संगणकात ती नसेल, तर चुकूनही पुसली जाणार नाही.

४. विंडोजमधील फास्ट स्टार्टअप बंद करावे. त्यामुळे विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपते, आणि अशा वेळी लिनक्सने तिच्या भागात लिहिल्यास माहिती बिघडू शकते.

५. लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करावा. विंडोज युईएफआय पद्धतीने सुरू होत असेल, तर पेन ड्राइव्हही त्याच पद्धतीने सुरू करावा. स्थापनेपूर्वी वाय-फाय, आवाज, छपाई तपासता येते.

६. ‘विंडोजच्या शेजारी बसवा’ असा अर्थ असलेला पर्याय निवडावा. ‘संपूर्ण डिस्क पुसा’ या अर्थाच्या पर्यायाला हात लावू नये. जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर चारच मुख्य विभाग मावतात. ते चारही भरलेले असतील, तर तेथेच थांबून जाणकाराला विचारावे.

यानंतर संगणक सुरू होताच ग्रब नावाची यादी दिसते. तीतून हवी ती कार्यप्रणाली निवडावी. विंडोजमधील घड्याळ साडेपाच तास मागे पडलेले दिसले, तर घाबरू नये. लिनक्स संगणकाच्या आतील घड्याळात जागतिक वेळ ठेवते, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजते. आपला फरक ५ तास ३० मिनिटांचा आहे. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवण्यास सांगितले की तो मिटतो.

जुनी डिस्क किमान महिनाभर तशीच जपावी. वस्तीतील एका मुलाने वा मुलीने हे काम नीट शिकून घेतले, तर दहा घरांतील बंद पडू लागलेले संगणक पुन्हा अभ्यासाच्या कामी येतील. वाचकांनी या कामी पुढे यावे, एवढीच आमची विनंती.