डीबगर आणि मोठी पेजेस: गैरसमज आणि वस्तुस्थिती

फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये लोकांपुढे आणलेला क्यूएमू हा एमुलेटर आज कर्नल लिहिणाऱ्यांचे रोजचे साधन आहे. त्याला जीडीबी हा डीबगर जोडायचा, कर्नल थांबवायचा आणि मेमरी वाचायची. पण ती मेमरी मोठ्या पेजमध्ये मॅप केलेली असली, की काही समजुती हमखास दगा देतात.

गैरसमज: प्रोसेसर ज्या वाटेने मेमरी वाचतो, त्याच वाटेने डीबगरही वाचतो.

वस्तुस्थिती: डीबगरसाठी पेज टेबल, म्हणजे आभासी पत्त्यावरून भौतिक पत्ता सांगणारी सारणी, वाचणारा कोड वेगळा असतो. प्रोग्रामने मेमरी वाचली, की पेज टेबलातल्या नोंदीवर ‘अ‍ॅक्सेस्ड’ बिट लागतो. पेज नसेल तर पेज फॉल्ट होतो. डीबगरने यातले काहीही घडवायचे नसते, कारण नुसते बघण्याने यंत्राची स्थिती बदलू लागली तर तपासणीला अर्थच उरत नाही. वाटा दोन असल्यामुळे प्रोग्राम सुरळीत चालतो आणि डीबगर मात्र भलतेच बाइट दाखवतो, असेही होऊ शकते.

गैरसमज: पेज कितीही मोठे असो, पत्ता काढण्याची रीत तीच.

वस्तुस्थिती: एक्स८६च्या नेहमीच्या ६४-बिट मांडणीत पेज टेबलाच्या चार पातळ्या असतात. ४ किलोबाइटच्या पेजसाठी चारही उतराव्या लागतात आणि पत्त्याचे शेवटचे १२ बिट पेजमधली जागा सांगतात. २ मेगाबाइटचे पेज तिसऱ्याच पातळीवर संपते, तिथे २१ बिट लागतात. १ गिगाबाइटचे दुसऱ्या पातळीवर, तिथे ३०. इथेच थांबायचे, हे नोंदीतला ७ क्रमांकाचा बिट सांगतो. तो न पाहणारा कोड साध्या डेटालाच पेज टेबल समजून पुढे जातो.

बिट पाहूनही चूक होते. समजा, २ मेगाबाइटचे पेज भौतिक मेमरीत १८ मेगाबाइटवर सुरू होते आणि आपल्याला त्यातला ३०१ किलोबाइटवरचा बाइट हवा आहे. कोडने सवयीने १२च बिट जोडले, तर तो १८ मेगाबाइट अधिक १ किलोबाइटवर पोहोचतो. मधले ३०० किलोबाइट गायब, आणि तक्रार कुठेच नाही!

गैरसमज: मोठ्या पेजला एमुलेटरच्या टीएलबीत, म्हणजे काढून ठेवलेल्या पत्त्यांच्या साठ्यात, एकच मोठी नोंद पुरते.

वस्तुस्थिती: क्यूएमूचे भाषांतर-यंत्र, म्हणजे टीसीजी, मोठ्या पेजमधलाही एका वेळी एकच लहान तुकडा नोंदवते, एक्स८६साठी तो ४ किलोबाइटचा. मोठी पेजेस कोणत्या पट्ट्यात आहेत, एवढे वेगळे लक्षात ठेवते. त्या पट्ट्यातला एखादा पत्ता रद्द करायची वेळ आली, की एक नोंद काढून भागत नाही. प्रोसेसरच्या संबंधित मोडमधल्या सगळ्याच नोंदी पुसल्या जातात.

गैरसमज: विचित्र बाइट दिसले, म्हणजे कर्नलच बिघडला.

वस्तुस्थिती: आधी पडताळा घ्या. क्यूएमूच्या मॉनिटरवर ‘इन्फो टीएलबी’ ही आज्ञा दिली, की पेज टेबलातले मॅपिंग दिसते. तिथून भौतिक पत्ता घ्या, ‘एक्सपी’ने थेट भौतिक मेमरी वाचा आणि जीडीबीशी ताडून पाहा. दोन्ही जुळले, तर कर्नलकडे वळा. जुळले नाही, तर कर्नलला हात लावण्याआधी डीबगरची वाट तपासा.